कर्जाच्या वहीपाशी बसणारा सोबती

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचे जुने गाव आहे. तेथील प्राचीन मंदिरे, बारव आणि नक्षीदार उंच स्तंभ पाहण्यास इतिहासाचे अभ्यासक आवर्जून जातात. परंतु प्रत्येक गावाला आणखी एक इतिहास असतो. तो सावकाराच्या वहीत, सोसायटीच्या दप्तरात आणि सातबाऱ्यावरील ‘इतर अधिकार’ या रकान्यात नोंदलेला असतो. कर्ज कोणी काढले, किती काढले, जमीन कोणाच्या नावे गेली, हे त्यातून कळते. मात्र कर्जदार पहिल्या प्रथम हिशेब मांडून फेडीची व्यवस्था लावू लागला, तेव्हा त्याच्या शेजारी कोण बसले होते, याची नोंद त्यात सापडत नाही. आमच्या मते कर्जमुक्तीच्या इतिहासातील खरा प्रश्न हाच आहे, आणि या लेखात आम्ही त्याचाच मागोवा घेणार आहोत.

एकोणिसाव्या शतकात चारठाणा निजामाच्या राज्यात, म्हणजे लोकांच्या बोलीत ‘मोगलाई’त होते. पश्चिमेकडे अहमदनगरच्या बाजूला इंग्रजी मुलूख लागे. दोन्हीकडे ज्वारी-कापूस पिकवणारा कुणबी तोच, भाषा तीच आणि कर्जाची वहीही तशीच; पण कायदे निराळे. कर्जाविरुद्धचा पहिला मोठा उद्रेक इंग्रजी मुलखात झाला.

दि. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. हा उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. गहाणखते, कर्जरोखे आणि वह्या हस्तगत करून त्यांची होळी करण्यात आली. यामागची कारणे दहा-पंधरा वर्षे साचत आली होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला अपूर्व भाव मिळाला आणि पैसा सहज उसना मिळू लागला. युद्ध संपताच भाव कोसळले, त्यातच जमीनमहसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याची मुदत कमी केली. हेतू कर्जदाराच्या हिताचा होता. परिणाम मात्र उलटा झाला. मुदत संपत आली की सावकार जुने व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. अक्षरशून्य शेतकरी अंगठा उठवी, आणि आपण कशावर अंगठा उठवला हे त्याला सांगणारे जवळ कोणी नसे.

कागद जळाले; कर्ज जळाले नाही. चौकशी आयोग नेमला गेला, त्यापाठोपाठ १८७६–७८ चा भीषण दुष्काळ आला, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी केलेला हा कायदा आजही अभ्यासण्याजोगा आहे. रोख्यावरील आकडा अंतिम न मानता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. हप्ते बांधून देण्याची तरतूद केली. कर्जापायी शेतकऱ्याला अटक करण्यास मनाई केली. दस्तऐवज निबंधकासमोर नोंदवावेत, सावकाराने पावती व हिशेब द्यावा, असे ठरवले. दाव्यापूर्वी उभय पक्षांत समेट घडवण्यासाठी सलोखाकार नेमले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९३ मध्ये उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. वही उघडताना कर्जदाराच्या बाजूलाही कोणीतरी असावे, हे सरकारने या कायद्याने प्रथमच मान्य केले.

तरीही कायदा अपुरा पडला. हिशेब झाला, हप्ते ठरले, पण पुढच्या पेरणीला बियाणे कोठून आणावे? शेतकरी पुन्हा त्याच दारी गेला, आणि सावकार आता गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून मागू लागला. जुने कर्ज फेडताना नव्या निकडीची सोय नसेल तर फेड टिकत नाही, हे सर विल्यम वेडरबर्न आणि रानडे यांनी ओळखले होते. पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची त्यांची योजना हिंदुस्थान सरकारने उचलून धरली; परंतु १८८४ मध्ये लंडनहून ती नामंजूर झाली. पुढे वीस वर्षांनी, १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला.

या ठिकाणी आम्हांस राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातील विधवेची आठवण होते. सावकार तिच्या दोन मुलांना दास करून नेण्यास आला होता. अलीशा संदेष्ट्याने तिला प्रथम विचारले ते तिच्या घरात काय आहे हे. घरात तेलाची एक कुपी होती. मग त्याने तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणण्यास सांगितले. भांडी भरल्यावर तेल विकून कर्ज फेडावे आणि उरलेल्यावर मायलेकांनी निर्वाह करावा, असे त्याने सुचवले. चमत्काराचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी या कथेत कर्जफेडीची सारी रीत आहे: घरातील मालमत्तेची मोजदाद, शेजाऱ्यांची मदत, धनकोचे देणे आणि संसारासाठी राखीव भाग. आणि शेजाऱ्यांकडे भांडी मागावयाची म्हणजे आपली अडचण त्यांच्या कानी घालणे आलेच.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात ही रीत पुनःपुन्हा दिसते. १४६२ मध्ये इटलीतील पेरूजा येथे फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेने गरिबांसाठी ‘मोंते दी पिएता’ ही तारण-पेढी निघाली. अशा पेढ्यांनी खर्चापुरते अल्प व्याज घ्यावे की नाही यावर मोठा वाद झाला. १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेत पोप दहावे लिओ यांनी त्यास मान्यता दिली. १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात पोप तेरावे लिओ यांनी अधाशी व्याजखोरीचा निषेध केला. जर्मनीत फ्रीडरिक राइफायझन या प्रॉटेस्टंट महापौराने १८६४ मध्ये हेडेसडोर्फ येथे शेतकऱ्यांची पतसंस्था स्थापली होती. एकमेकांना ओळखणाऱ्या गावकऱ्यांनी एकमेकांची हमी घ्यावी, हे तिचे सूत्र. भारतात जेज्वीट फादर योहान बाप्टिस्ट हॉफमन यांनी १९०९ मध्ये छोटा नागपूरच्या आदिवासी ख्रिस्ती बांधवांसाठी याच धर्तीवर कॅथॉलिक सहकारी पतसंस्था उभारली.

आपल्या महाराष्ट्रात वसईचे उदाहरण वाचकांच्या परिचयाचे आहे. १९१८ साली फादर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने तेथे जी संस्था निघाली, ती आज बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून उभी आहे. तिच्या मुळाशी धर्मग्रामांतील माणसांची परस्परांची ओळख होती. रविवारी मिस्साला ज्याच्या शेजारी गुडघे टेकावयाचे, त्याचे पैसे बुडवण्यास मन धजत नाही, आणि त्याला बुडू देण्यासही धजत नाही.

मोगलाईतील शेतकऱ्याला मात्र हा आधार उशिरा व विरळ मिळाला. हैदराबाद राज्यात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९१४ मध्ये झाला. शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावरील भरूचा यांचा अहवाल १९३७ मध्ये निघाला, आणि सावकारांवर नियंत्रण घालणारा कायदा १३४९ फसलीत, म्हणजे सुमारे १९४० मध्ये आला. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. दरम्यान १९५१–५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने एक कटू सत्य मांडले होते. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास होता. सावकारांचा सत्तर टक्क्यांच्या जवळपास. कायदे झाले, संस्थांच्या पाट्या लागल्या. पण सोबती दारापर्यंत पोहोचला नव्हता.

त्यानंतर सरकारने कर्जनिवारणाचे अनेक मार्ग अवलंबिले. १९७५ च्या महाराष्ट्र कर्जनिवारण कायद्याने लहान शेतकरी, ग्रामीण कारागीर व मजूर यांची सावकारी कर्जे रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो वैध ठरवला. २००८ मध्ये केंद्राची, २०१७ व २०१९ मध्ये राज्याची कर्जमाफी आली. या तिन्ही योजनांनी बँका व सोसायट्यांच्या थकबाकीदारांना दिलासा दिला. त्यांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु खाजगी सावकाराचे देणे, कृषी सेवा केंद्राची उधारी, लग्नासाठी सोयऱ्याकडून घेतलेली रक्कम यांना माफीच्या यादीत स्थान नसते. आणि बहुधा ज्या देण्यापायी झोप उडते ते हेच असते.

म्हणून आज चारठाण्यासारख्या गावात कोणी कर्जफेडीची घडी बसवू पाहत असेल, तर इतिहासाने त्याला दिलेला सल्ला साधा आहे. सर्व देणी, अगदी लाजेने लपवलेलीसुद्धा, एका कागदावर लिहावीत आणि ती कोणा एका विश्वासू माणसाला दाखवावीत. ज्याचे व्याज सर्वांत जाचक, ते आधी फेडावे. पीक बुडाले असल्यास बँकेकडे कर्जाच्या पुनर्गठनाची मागणी करावी; थकीत खात्यासाठी एकरकमी तडजोडीची सोय आहे का हे विचारावे. हप्ता सुगीच्या महिन्यांना धरून बांधावा. घरचे धान्य व मुलांचे शिक्षण यांचा भाग आधी काढून ठेवावा. जुने फेडण्यासाठी नवे कर्ज काढण्याचे टाळावे, कारण १८५९ नंतरच्या रोख्यांची गोष्ट तेथूनच सुरू झाली होती. परवाना नसलेला सावकार त्रास देत असेल तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यान्वये सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते. बळकावलेली जमीन चौकशीअंती परत मिळू शकते. तालुका विधी सेवा समिती पात्र व्यक्तींना विनामूल्य वकील देते, आणि लोकअदालतीत समेट होऊ शकतो. मन फारच खचले तर ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.

हे सारे मार्ग कागदावर उपलब्ध आहेत. त्यांच्यापर्यंत जाणारी वाट मात्र एकट्याने चालवत नाही. बँकेच्या पायरीपर्यंत जाऊन परतलेली माणसे प्रत्येक गावात आहेत. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांताच्या हद्दीत परभणी जिल्हा येतो. तेथील ख्रिस्ती समाज विखुरलेला आणि संख्येने थोडा आहे. वसईसारखी बँक उभारण्याचे बळ प्रत्येक धर्मग्रामात नसणार. पण बँक काढण्यास जे भांडवल लागते, ते कोणाबरोबर बँकेत जाण्यास लागत नाही. धर्मग्रामातील एखादा निवृत्त शिक्षक, बचत गट चालवणारी एखादी भगिनी, एखादा हिशेबनीस यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ त्यासाठी द्यावी, आणि ऐकलेले कोणाच्या कानी जाऊ देऊ नये. मदत मागणारा कोणत्या धर्माचा, हेही विचारू नये.

२०२५ च्या जुबिली वर्षासाठी पोप फ्रान्सिस यांनी श्रीमंत राष्ट्रांना गरीब देशांची कर्जे माफ करण्याचे आवाहन केले होते. लेवीय पुस्तकातील योबेल वर्षाचीच ती आठवण होती. राष्ट्रांची कर्जे माफ करणे आपल्या हाती नाही. शेजारणीने मागितले तर रिकामे भांडे देणे मात्र आपल्या हाती आहे. आणि ते मागताना तिला खाली मान घालावी लागणार नाही, एवढी काळजी आपण घेतली पाहिजे.