बांध किती उंच हवा?

गोव्यात खाजन शेतीच्या गावी वाढलेल्या माणसाला बांधाचे महत्त्व सांगावे लागत नाही. एका बाजूला नदीचे खारे पाणी, दुसऱ्या बाजूला भात, मध्ये मातीचा बांध. पण तो किती उंच असला म्हणजे पुरे? या प्रश्नाचे उत्तर नेदरलँड्सने आकड्यांत दिले. त्याची ही गोष्ट.

३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वादळ आणि उधाणाची भरती एकत्र आली. झीलंड आणि आसपासचे बांध फुटले, १,८३६ माणसे गेली. बांध अपुरे आहेत, असे इशारे आधीच दिले गेले होते. पण महायुद्धातून सावरणाऱ्या देशापुढे दुसरे खर्च होते.

फेब्रुवारीतच डेल्टा आयोग नेमला गेला. हूक फान हॉलंड येथे पाणी ३.८५ मीटरपर्यंत चढले होते. मग चार मीटरचा बांध घाला, असे कोणीही म्हणेल. पण पुढचे वादळ याहून मोठे आले तर? दाव्हिद फान दांत्सिख या गणितज्ञाने हिशेब मांडला. बांध वाढवावा तसा खर्च वाढतो आणि पुराची शक्यता घटते, पण ती शून्य कधीच होत नाही. बांधाचा खर्च आणि संभाव्य नुकसान यांची बेरीज जिथे सर्वांत कमी, ती उंची योग्य.

अखेर मध्य हॉलंडसाठी ठरले ते असे: एखाद्या वर्षी येण्याची शक्यता १०,००० त १ इतकीच आहे, अशा पाण्यालाही बांधाने अडवावे. हूक येथे ही पातळी ५ मीटर धरली. विरळ वस्तीच्या झीलंडसाठी मात्र ४,००० त १.

हे वाचताना मी थबकलो. ज्या झीलंडने सर्वाधिक माणसे गमावली, त्याच्याच वाट्याला कमी संरक्षण! कारण हिशेबात मालमत्तेचे वजन मोठे होते. ही बाजू सावरायला २०१७ साल उजाडले. नव्या कायद्याने ठरवले की बांधामागे कुठेही राहणाऱ्या माणसाचा पुरात मृत्यू होण्याची शक्यता वर्षाला १ लाखात १ पेक्षा जास्त नसावी. त्यासाठी मुदत २०५० पर्यंतची.

सरकारी फायलींवर 'पुरेसे सुरक्षित' हा शेरा मी पुष्कळदा पाहिला आहे. त्याच्याशी भांडता येत नाही. डचांनी धोका किती उरला ते लिहून ठेवले, म्हणून पुढच्या पिढीला विचारता आले, 'पुरेसे, पण कोणाला?'