कोयता, उचल आणि खाडा : बीडमधील एका आकड्यामागचा हिशेब

बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये ही माहिती समोर आणली. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हेच प्रमाण देशभरात सुमारे ३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची रीत वेगळी, त्यामुळे तुलना काटेकोर नव्हे. पण एवढी तफावत रीतीच्या फरकाने भरून निघत नाही.

तिचे उत्तर दवाखान्याइतकेच फडातही शोधावे लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातील कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल तोडीच्या मजुरीतून फेडायची. एक दिवस चुकला की ‘खाडा’, आणि त्याचा दंड उचलीत चढतो. पालाजवळ शौचालय नाही, पुरेसे पाणी नाही, आणि मोळ्या वाहण्याचे काम पाळीतही थांबत नाही. अशा स्थितीत पांढरे जाणे, ओटीपोटातले दुखणे ही साधी तक्रार दरमहा मजुरी बुडवते. ‘पिशवी काढणे’ हा मात्र एकदाच करायचा खर्च. तोही अनेकदा नव्या उचलीतून भागवला जाई. खासगी डॉक्टरने कर्करोगाची भीती घातली की हिशेब पूर्ण होई.

ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधील डॉक्टरांनी १९७१ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये मांडले होते की, चांगल्या उपचारांची उपलब्धता लोकांच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते आणि आरोग्यसेवा बाजाराच्या हाती असेल तिथे हे अधिक तीव्रतेने घडते. बीडमध्ये या नियमाला एक विचित्र जोड मिळाली. साध्या संसर्गावरची औषधे मिळणे कठीण, मोठी शस्त्रक्रिया मात्र सहज. याच जिल्ह्यात अंबाजोगाईला १९७४ पासून शासकीय ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, हे विसरता येत नाही. पण वर्षाचे पाच-सहा महिने रुग्णच जिल्ह्याबाहेर असेल, तर जवळचे रुग्णालय कुणाच्या जवळ?

२०१९ नंतर बीडमधील खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक झाली. खाड्याचा दंड मात्र मुकादम आणि मजूर यांच्यातील व्यवहार. त्यावर आरोग्य खात्याचा शिक्का चालत नाही.