इस्पितळांत परत गेलेले दोन संत

आपल्या बोलींत रूढ झालेला ‘इस्पितळ’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर इकडे आला, आणि त्याचें मूळ ‘पाहुणा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांत आहे. रोगी म्हणजे दारीं आलेला अतिथि, ही कल्पना त्या नांवांतच सांठविलेली आहे. चौथ्या शतकांत संत बाझील यांनीं कैसरिया नगराबाहेर रोग्यांसाठीं व निराश्रितांसाठीं मोठें आश्रयस्थान उभारलें, आणि फाबिओला नामक रोमन स्त्रीनें आपली संपत्ति वेचून रोम येथें रुग्णालय स्थापिलें, तें याच भावनेनें. पुढें मध्ययुगांत ख्रिस्ती देशांत अशीं अनेक इस्पितळें निघालीं. परंतु इमारत व देणग्या मिळाल्या म्हणजे पाहुणचार होतोच, असें नाहीं. याचा अनुभव ज्यांनीं स्वतः खाटेवर पडून घेतला, अशा दोन संस्थापकांची हकीकत या महोत्सवी अंकांत सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिले संत जॉन ऑफ गॉड. यांचा जन्म १४९५ सालीं पोर्तुगालमध्यें झाला. मेंढपाळ, शिपाई, आणि अखेर स्पेनमधील ग्रानादा शहरीं पुस्तकविक्रेता, असें त्यांचें आयुष्य चाळिशी उलटेपर्यंत भटकण्यांत गेलें. तेथें संत सेबास्तियन यांच्या सणाच्या दिवशीं आविलाच्या जॉन या थोर उपदेशकाचें प्रवचन ऐकून त्यांना इतका पश्चात्ताप झाला कीं, ते आक्रोश करीत रस्त्यांतून धावूं लागले. लोकांनीं वेडा ठरवून त्यांना राजाच्या इस्पितळांत कोंडलें. वेड्यास फटके मारणें हाच त्या काळचा उपचार. तो त्यांनाहि मिळाला. स्वतःवरील मार त्यांनीं सोसला, पण इतर रोग्यांचे हाल पाहून ते रखवालदारांस खडसावीत.

सुटका झाल्यावर त्यांनीं भाड्याच्या घरांत आपलें इस्पितळ मांडलें. दिवसभर रोग्यांची सेवा करून संध्याकाळीं ते पाठीवर टोपली व गळ्यांत दोरीनें बांधलेलीं भांडीं घेऊन भिक्षेस निघत. भिक्षा मागतांना ‘मला द्या’ असें ते म्हणत नसत. बंधूंनो, देवाकरितां स्वतःचेंच भलें करा, अशी त्यांची आरोळी असे. इटलींत त्यांच्या धर्मबंधूंना अद्यापि याच आरोळीवरून पडलेल्या नांवानें ओळखतात. १५४९ सालीं राजाच्या इस्पितळास भयंकर आग लागली, तेव्हां जॉन आंत शिरले व त्यांनीं रोग्यांना बाहेर काढलें. ज्या घरांत त्यांनीं फटके खाल्ले, तेंच हें घर.

१५५० च्या मार्च महिन्यांत त्यांचें देहावसान झालें, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत इटलींतील बुक्कियानिको गांवीं कमिल्लुस दे लेल्लिस जन्मास आले. यांचें तारुण्य सांगण्यासारखें नाहीं, तरी सांगितलेंच पाहिजे. व्हेनिसच्या सैन्यांत ते तुर्कांशीं लढले. त्यांच्या पायास जी जखम झाली, ती आमरण बरी झाली नाहीं. उपचारार्थ ते रोमच्या संत याकोब इस्पितळांत राहिले, तेथेंच चाकरी करूं लागले, आणि जुगाराच्या नादापायीं हाकलले गेले. आमच्या मतें यांत व्यवस्थापकांचा कांहींएक दोष नव्हता! १५७५ सालीं त्यांचा मनःपालट झाला. कापुचिन मठांत त्यांनीं प्रवेश मिळविला, पण जखमेमुळें तेथें राहतां येईना. म्हणून ते पुन्हा त्याच इस्पितळांत आले व कालांतरानें तेथील मुख्य कारभारी झाले.

पैशाकरितां ठेवलेले चाकर मरणोन्मुख रोग्यांची कशी हेळसांड करीत, हें त्यांनीं तेथें पाहिलें. वेतनाकरितां नव्हे, तर देवाच्या प्रीतीस्तव सेवा करणाऱ्या पुरुषांचा संघ काढण्याचा विचार त्यांच्या मनांत १५८२ सालीं आला. १५८६ सालीं पोप पांचवे सिक्स्तुस यांनीं त्या संघास मान्यता दिली, व झग्यावर तांबडा क्रूस धारण करण्याची परवानगीहि दिली. प्राण गेला तरी बेहत्तर, पण रोग्यास सोडावयाचें नाहीं, हें त्यांचें चौथें व्रत. तें कागदावर राहिलें नाहीं. नेपल्सच्या बंदरांत प्लेगनें ग्रासलेल्या गलबतांना मज्जाव झाला असतां, हे बंधु स्वतः गलबतांवर चढले. त्यांपैकीं दोघे तेथेंच त्या रोगानें मेले. १५९८ च्या नाताळांत टायबर नदीस पूर येऊन रोमच्या पवित्र आत्म्याच्या इस्पितळांत पाणी शिरलें, तेव्हां वृद्धत्वाकडे झुकलेल्या, पायानें अधू अशा कमिल्लुस यांनीं सोबत्यांसह रोग्यांना उचलून वरच्या मजल्यावर नेलें.

रेडक्रॉस संस्थेचें चिन्ह याच तांबड्या क्रूसावरून घेतलें, असें कित्येक भाविक सांगतात. आम्हांस हा मोह आवरावा लागतो. १८६४ सालीं जिनिव्हा येथें ठरलेलें तें चिन्ह स्वित्झर्लंडच्या निशाणाचे रंग उलट करून झालेलें आहे.

आपल्या धर्मग्रामांतील कित्येक मुली मुंबईच्या रुग्णालयांतून परिचारिकेचें काम करून कुटुंब चालवितात. पगारी चाकरांची ही कथा वाचून त्यांनीं खंत बाळगूं नये. आमच्या समजुतीप्रमाणें कमिल्लुस यांचा रोष पगारावर नव्हता. पगार हातीं पडल्यावर रोग्याकडे ढुंकूनहि न पाहणाऱ्यांवर होता. रोग्यांना ते आपले धनी म्हणत, आणि एकुलत्या एका आजारी मुलाची आई करते तशी त्यांची शुश्रूषा करावी, असा त्यांनीं आपल्या संघास नियम घालून दिला होता. १८८६ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं जॉन व कमिल्लुस या दोघांना रोग्यांचे व रुग्णालयांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलें, आणि १९३० सालीं पोप अकरावे पायस यांनीं परिचारक व परिचारिका यांनाहि त्यांच्याच आश्रयाखालीं ठेविलें.