महागडा स्विमसूट घातला की पोहणारा खरंच वेगात जातो का?

उत्तर आधी सांगून टाकू. हो, सूटमुळे वेग वाढतो. 2008 आणि 2009 मध्ये तो इतका वाढला की जागतिक जलतरण महासंघाला ते सूट बंद करावे लागले. पण आज दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारे सूट हे ते सूट नाहीत. व्हायरल रील्समध्ये या दोन गोष्टींची बेमालूम सरमिसळ होते. मग अमळनेर किंवा धुळ्यातल्या पालकांनाही प्रश्न पडतो, की मुलगी जिल्हा स्पर्धेत उतरतेय, तर तिला असा सूट घ्यावा का?

पाण्यात सूट नेमकं करतो काय?

पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन असतं. त्यामुळे पोहणाऱ्याची बरीचशी ताकद पुढे जाण्यापेक्षा पाणी बाजूला सारण्यातच खर्च होते. त्यातही गंमत अशी, की वेग दुप्पट करायचा तर पाण्याचा रोध साधारण चौपट होतो. हा रोध तीन प्रकारे येतो: त्वचेवरून पाणी घासत जाण्याने, शरीराच्या आकारामुळे आणि पृष्ठभागावर उठणाऱ्या लाटांमुळे.

सूट या तिन्हींवर थोडं थोडं काम करतो. गुळगुळीत, पाणी न शोषणाऱ्या कापडामुळे घर्षण कमी होतं. घट्ट आवळल्यामुळे पोट, मांड्या, पार्श्वभाग दाबले जातात, अंग नळीसारखं होतं आणि हलणारं मांस स्थिर राहतं. तिसरा फायदा तरंगण्याचा, आणि खरा वाद त्यावरूनच झाला.

खानदेशात विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधायची जुनी रीत आहे. डब्यातल्या हवेमुळे अंग वर राहतं. पॉलियुरेथेनच्या सूटमध्ये थोड्या प्रमाणात हेच घडत होतं. त्यातून पाणी आरपार जात नसे, कापड आणि अंगाच्या मध्ये हवा अडकून राही, आणि शरीर पाण्यात किंचित वर तरंगे. जितकं अंग वर, तितकं कमी पाणी ढकलायचं. शर्यतीच्या शेवटी पाय जड होऊन खाली जाऊ लागतात, तेव्हा तर याचा मोठाच आधार.

2008 मध्ये काय घडलं?

फेब्रुवारी 2008 मध्ये स्पीडो कंपनीने एलझेडआर रेसर हा सूट आणला. त्याच्या कापडाच्या चाचण्यांसाठी अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेची मदत घेतली होती. शिवण नव्हती, तुकडे ध्वनिलहरींनी जोडलेले होते आणि ठरावीक जागी पॉलियुरेथेनच्या पट्ट्या होत्या. त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये जलतरणात 25 जागतिक विक्रम झाले. त्यातले 23 हा सूट घातलेल्यांचे होते.

मग इतर कंपन्या मागे कशा राहतील? एरिना आणि जेकेड यांनी पूर्णपणे पॉलियुरेथेनचे सूट काढले. 2009 ची रोममधली जागतिक स्पर्धा म्हणजे विक्रमांचा पाऊस होता: एकाच स्पर्धेत 43 जागतिक विक्रम! जर्मनीच्या पॉल बीडरमनने 400 मीटर फ्रीस्टाइलमध्ये इयान थॉर्पचा 3:40.08 चा विक्रम एका शतांश सेकंदाने मोडला. मग 200 मीटरमध्ये 1:42.00 अशी वेळ देत त्याने थेट मायकल फेल्प्सला हरवलं. फेल्प्सच्या अंगावर आदल्या वर्षीचा एलझेडआर होता, बीडरमनच्या अंगावर एरिनाचा नवा सूट. सूटचा फरक पडतो हे बीडरमननेही मान्य केलं.

1 जानेवारी 2010 पासून नियम बदलला. सूट कापडाचाच हवा आणि त्यातून पाणी आरपार जायला हवं. पुरुषांसाठी फक्त कमरेपासून गुडघ्यापर्यंत, महिलांसाठी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. चेन चालणार नाही.

बंदीनंतर वेग किती घटला?

2011 च्या शांघाय जागतिक स्पर्धेत विक्रम झाले फक्त दोन. 200 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण रायन लॉक्टीने 1:44.44 वेळेत जिंकलं, म्हणजे बीडरमनपेक्षा जवळपास अडीच सेकंद हळू. ब्राझीलच्या सीझर सिएलोने डिसेंबर 2009 मध्ये 50 मीटर 20.91 सेकंदांत पार केलं होतं. शांघायला त्याच सिएलोने सुवर्ण घेतलं ते 21.52 ला. बीडरमनचा 400 मीटरचा विक्रम मोडायला एप्रिल 2025 उजाडावं लागलं. तो मोडला लुकास मेर्टेन्सने, 3:39.96 वेळेत.

हा सगळा फरक सूटचाच होता असं मात्र म्हणता येत नाही. शांघायच्या दोन विक्रमांपैकी एक लॉक्टीचाच होता. 200 मीटर मेडलीत त्याने रोममधला स्वतःचा विक्रम मोडला, तोही कापडी सूटमध्ये. दुसरा चीनच्या सुन यांगचा, 1500 मीटरमधला. त्याने मोडलेला ग्रँट हॅकेटचा विक्रम 2001 चा होता, म्हणजे 2008-09 च्या सगळ्या धुमाकुळातही तो शाबूत राहिला होता.

आपल्याकडचं उदाहरण: वीरधवल खाडे

कोल्हापूरचा वीरधवल खाडे 16 वर्षांचा असताना बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला. 50 मीटर फ्रीस्टाइलमधला त्याचा 22.52 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम 2009 चा, म्हणजे ते सूट नियमात बसत होते त्या काळातला. पुढच्याच वर्षी, बंदी लागू झाल्यावर, ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने 50 मीटर बटरफ्लायमध्ये 24.31 सेकंदांसह कांस्यपदक मिळवलं. जलतरणात भारताला 24 वर्षांनी मिळालेलं ते आशियाई पदक होतं. त्याआधीचं खजानसिंगचं, 1986 च्या सेऊल स्पर्धेतलं.

नंतर तो महाराष्ट्र सरकारच्या सेवेत तहसीलदार झाला, काही वर्षं मोठ्या स्पर्धांपासून दूर राहिला आणि 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत परतला. प्राथमिक फेरीत त्याने 22.43 सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला. वय 26, अंगावर नव्या नियमातला, गुडघ्यापर्यंतचाच सूट. 2009 पेक्षा नऊ शतांश वेगात!

अंतिम फेरीत त्याची वेळ होती 22.47. कांस्यपदक गेलं 22.46 ला. एक शतांश सेकंद म्हणजे त्या वेगात साधारण सव्वादोन सेंटिमीटर, बोटाचं जेमतेम एक पेर. प्राथमिक फेरीतली स्वतःची वेळ त्याने पुन्हा दिली असती तरी पदक त्याचं होतं. अशा ठिकाणी सूटचा अर्धा टक्कासुद्धा सोन्याच्या भावाचा, म्हणून या पातळीवर सगळेच उत्तम सूट घालतात. आणि सगळेच घालतात, म्हणून शेवटी तो कोणालाच पुढे नेत नाही.

मग मुलांसाठी घ्यायचा का?

12 वर्षांखालच्या मुलांसाठी अजिबात नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. अमेरिकेच्या जलतरण संघटनेने तर सप्टेंबर 2020 पासून या वयोगटाला असे सूट घालायलाच मनाई केली आहे. 50 मीटरला 40 सेकंद लागणाऱ्या मुलीचा वेळ सूटने एक टक्का कमी केला, तरी ते झाले 0.4 सेकंद. उडी मारताना हात नीट जुळले नाहीत, भिंतीवर वळताना पाय चुकीचा टेकला किंवा डोकं वर राहिलं, तर त्याहून जास्त वेळ जातो. आणि ते सुधारायला पैसे लागत नाहीत.

शिवाय हे सूट शेकडो डॉलरचे असतात. घालायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात, नखाने फाटतात, आणि मोजक्या शर्यतींनंतर सैल पडले की फायदाही जातो. मुलगा किंवा मुलगी राज्य-राष्ट्रीय पातळीवर पात्रतेच्या वेळेपासून काही शतांश दूर असेल, तर प्रशिक्षकाशी बोलून विचार करायला हरकत नाही. तेव्हा सूटवर जागतिक महासंघाच्या मान्यतेची खूण आहे का ते पाहून घ्या. नसेल तर स्पर्धेत तो नाकारला जाऊ शकतो. सरावाला मात्र साधाच सूट वापरा. क्लोरीनच्या पाण्यात महागड्या कापडाचा ताण फार लवकर जातो.