निर्मिकाची फुले

आमच्या उर्दू शाळेतील मुलांना घेऊन एका सप्टेंबरात मी मिरजेहून कासच्या पठारावर गेलो होतो. सातारा शहरापासून हे पठार पंचवीसेक किलोमीटरवर आहे. काळ्या कातळावर मातीचा पातळ थर, त्यावर पिवळी सोनकी आणि निळी सीतेची आसवे फुललेली. मुले "सुब्हानअल्लाह" म्हणू लागली. मीही उत्साहाने सांगू लागलो की कुरआनात अशा गोष्टींना 'आयत', म्हणजे खूण, म्हटले आहे. मधमाशीच्या नावाने तर एक अख्खी सूरह आहे.

तेवढ्यात आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हे फूल किडे खाते असे पाटीवर लिहिले आहे. ही कसली खूण?"

मी गडबडलो. शास्त्रीय उत्तर सोपे होते. या कातळावरच्या मातीत नत्र कमी, म्हणून सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती सूक्ष्म जीव व किडे पकडून ती उणीव भरून काढतात. परंतु तिचा प्रश्न तेवढाच नव्हता. सृष्टीतील सौंदर्य दाखवून कर्ता सिद्ध करायचा, तर सृष्टीतील क्रौर्याचे काय करायचे?

हा युक्तिवाद जुनाच आहे. बाराव्या शतकात इब्न रुश्द यांनी सृष्टीची रचना माणसाला अनुकूल आहे यावरून ईश्वराचे अस्तित्व मांडले. पण मला त्या दिवशी आठवले ते जोतीराव फुले. त्यांचे घराणे मूळचे याच जिल्ह्यातील, खटाव तालुक्यातील कटगुणचे. आडनाव गोऱ्हे; फुलांच्या धंद्यामुळे फुले झाले. त्यांचे शिक्षण मध्येच थांबले तेव्हा शेजारच्या गफ्फार बेग मुन्शींनी आणि लिजीटसाहेबांनी वडिलांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले. मुन्शी उर्दू-फारसीचे शिक्षक. आमच्या पेशातल्या माणसाचा हा वाटा आम्हीच फारसा सांगत नाही!

पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिले. ते १८९० मध्ये वारले. पुस्तक १८९१ मध्ये छापले गेले. सूर्य, ग्रह, पृथ्वी आणि तीवरील जीव ज्याने निर्माण केले त्याला ते 'निर्मिक' म्हणतात. फुले वाहून त्याची पूजा करावी हे त्यांना पटत नाही; फुलेही त्यानेच माणसाच्या सुखासाठी केलेली, मग आपण आपले म्हणून काय वाहणार? आणि पशुपक्ष्यांत जसा जातींचा भेद दिसतो तसा माणसामाणसांत दिसत नाही, मग जातिभेद निर्मिकाने केला असे कसे म्हणावे?

येथे युक्तिवादाची दिशाच बदलते. निर्मिक आहे की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा, तो सर्वांचा एकच असेल तर पाणवठा, शाळा, जमीन यांवर सर्वांचा हक्क का नाही, हा जोतीरावांचा प्रश्न आहे. निसर्ग त्यांनी शेतकऱ्याच्या नजरेने पाहिला होता. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये डोंगरावरचा पालापाचोळा पावसाने वाहून शेताला खत कसे मिळे, हे ते सांगतात. तेथे भाबडे कौतुक नाही. सत्यशोधकांचा हा विचार साताऱ्याच्या गावोगावी गेला. वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकच्या घराण्यातले भाऊराव पाटील त्याच वातावरणात घडले आणि १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली.

त्या मुलीला मी काय सांगितले? खरे तर मोठे काही नाही. खूण म्हणजे उत्तर नव्हे, पुढे पाहायला लावणारे बोट आहे, एवढे म्हणालो. सूरह रूममध्ये आकाश आणि पृथ्वीच्या निर्मितीबरोबर माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणे हीही खूणच मानली आहे, हेही सांगितले. परतीच्या वाटेवर गाडीत तिने वहीत उर्दू लिपीत 'खालिक' लिहिले, शेजारी देवनागरीत 'निर्मिक', आणि मला विचारले, "सर, निर्मिकमधला पहिला इकार ऱ्हस्व की दीर्घ?"