घरची सुई

मराठी घराचा इतिहास लिहूं पाहणारा अभ्यासक दप्तरांकडे आणि जमाखर्चाच्या वह्यांकडे वळतो. धान्य किती आलें, दागिना केव्हां मोडला, मुंजीला खर्च किती झाला, हें सारें तेथें सांपडतें. सांपडत नाहीं तें त्या घरांतील आईनें आपल्या हातांनीं केलेलें काम. त्याला पैसा पडला नाहीं, म्हणून तें वहींत चढलें नाहीं; आणि तें वापरून वापरून संपलें, म्हणून मागें फारसें उरलेंहि नाहीं. दिनकर केळकर आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनीं गांवोगांव हिंडून जमविलेला आणि १९६२ सालीं महाराष्ट्र शासनाकडे सोपविलेला पुण्यांतील संग्रह म्हणजे घरगुती कलेचें माहेरघरच होय. दिवे, अडकित्ते, वाद्यें यांच्या तेथील रांगा पाहून मन थक्क होतें. पण पितळ टिकतें, लाकूड टिकतें. तान्ह्या मुलाचें दुपटें दोन-तीन भावंडांच्या अंगाखालून गेलें कीं त्याचें पोतेरें होतें.

या कामाला आरंभ होई तो मूल जन्माला येण्यापूर्वींच. पहिलटकरीण लेक बाळंतपणाला माहेरीं आली कीं घरांतलीं जुनीं लुगडीं आणि धोतरें बाहेर निघत. नवें कापड खळीचें, तान्ह्याच्या अंगाला टोचणारें; वर्षानुवर्षें धुतलेल्या लुगड्याचा मऊपणा त्याला कोठून येणार? त्या जुन्या कापडांतून बाळुतीं, दुपटीं, अंगडीं-टोपडीं, लाळेरीं तयार होत. मोजायला फीत नव्हती. वीत आणि चार बोटें हेंच माप. आई बेतून देई, लेक शिवी, आणि शिवतां शिवतां धावदोरा, टीप, काज यांचें शिक्षण आपोआप पुरें होई. नव्या कापडाचा मान काय तो कुंचीला. डोक्यावर टोपीसारखी बसणारी आणि पाठीवर खालपर्यंत सोडलेली ही कुंची खणाची किंवा रेशमी कापडाची शिवीत. बागलकोटजवळच्या गुळेदगुडचे खण त्यासाठीं हौसेनें घेत, कडेला जर लावीत, मोत्यांची झालर सोडीत. ती मात्र जपून ठेवीत. म्हणूनच श्रोत्यांपैकीं कोणाकोणाच्या घरीं जुन्या पेटीच्या तळाशीं आजहि एखादी कुंची सांपडेल. ती कोणी शिवली हें सांगणारें माणूस मात्र घरांत असेलच असें नाहीं.

अशा कामाला 'फावल्या वेळचा उद्योग' म्हणण्याची चाल पडली आहे. ती कोणा पुरुषानेंच पाडली असली पाहिजे. पहांटे दळण, मग पाणी, सोंवळ्याचा स्वयंपाक, पंक्ती, उष्टीं-खरकटीं, पुन्हा दिवेलागण. यांत फावला वेळ कोठें होता? दुपारीं जेवणें उरकल्यावर जो तास-दीड तास मिळे, त्यांतच एक मूल मांडीवर व दुसरें पदराशीं घेऊन ती सुई ओंवली जाई. उजेड हवा म्हणून ओटीवर किंवा माजघराच्या दारांत बसावयाचें, आणि कोणी वडील माणूस आलें कीं आवरून उठावयाचें.

गोधडीची गोष्ट थोडी निराळी. ती वाड्यांत शिवली जाई तशीच झोंपडींतहि. किंबहुना शेतावर राबणाऱ्या बाईच्या घरीं तिची गरज अधिक. उन्हाळ्यांत शेतीचें काम थंडावलें कीं अंगणांत जुनीं लुगडीं थरावर थर अंथरलीं जात, आणि पावसाळा लागण्यापूर्वीं ती पुरी करण्याची घाई असे. साताऱ्या-कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात. वरच्या थराला ठिगळें जोडतांना रंगांची निवड आपोआप होई: विटलेल्या हिरव्याशेजारीं लाल कांठाची पट्टी, कोपऱ्याला एखाद्या चोळीचा चौकोन. मग कडेपासून धावदोरा घालीत घालीत मध्याकडे यावयाचें. शेजारणी चार बाजूंनीं बसल्या तर काम लवकर उरके, पण टांके सारखे पडत नसत. जाणत्या बाईला कोणती ओळ कोणाच्या हातची हें ओळखतां येई. सासूचें लुगडें, नवऱ्याचें धोतर, मोठ्या मुलाचा सदरा, सर्व तींत एकत्र येत, आणि थंडींत धाकट्यांना त्याखालीं झोंप लागे.

कांहीं हस्तकौशल्य तर एका दिवसापुरतेंच. मुलाच्या पहिल्या संक्रांतीला काळें झबलें आणि हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण करतात. बाजारचा हलवा सर्रास मिळूं लागण्यापूर्वीं हा हलवा घरींच होई, आणि त्यांत आईच्या धीराची खरी परीक्षा लागे. शेगडींत मंद निखारे, त्यावर परात, परातींत भाजलेले तीळ. त्यांवर साखरेचा पाक चमच्या-चमच्यानें सोडावयाचा आणि बोटांच्या टोकांनीं तीळ सारखे फिरवीत राहावयाचें. पाक एकदम जास्त पडला तर गोळे होतात, विस्तव चढला तर साखर तांबूस होते आणि पांढरेपणा गेला तो गेलाच. पाकामागून पाक बसत जातो तसतसा दाणा वाढतो आणि त्यावर कांटा फुटूं लागतो. एवढ्या कामाला कित्येकदां तीन-चार दिवस लागत; बोटें भाजत तीं वेगळींच. मग ते दाणे दोऱ्यांत ओंवून, कागदाच्या घडीवर बसवून मुकुट, कंठी, बाजूबंद, मनगट्या आणि मुलाच्या हातीं द्यावयाची बासरी तयार होई. संध्याकाळपर्यंत त्यांतले निम्मे दागिने मुलाच्या तोंडांत गेलेले असत, आणि आईला त्याचा विषाद वाटत नसे.

पण या साऱ्या कौशल्याला घरांत कौतुक होतें, किंमत नव्हती, आणि घरधनी गेला कीं ही गोष्ट फार कठोरपणें कळून येई. पदरीं दोन मुलें असलेल्या विधवेला दिराच्या किंवा भावाच्या घरीं राबून दोन घांस मिळवावे लागत. जिच्या टांक्याची सारी आळी वाखाणणी करी, तिनें शिलाईचे चार पैसे मागावे कसे? काल ज्यांना प्रेमानें झबलीं शिवून दिलीं त्यांच्याकडेच आज मजुरी मागावयाची, हा संकोच मोठा होता.

हा संकोच मोडण्याचें काम संस्थांनीं केलें. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन उघडलें. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रमाची उभारणी केली. पुढें १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन निघालें तें रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या खटपटीनें. न्यायमूर्ति १९०१ सालीं निवर्तल्यानंतर रमाबाईंनीं आपला वाडा या कामीं लावला. सेवासदनांत वाचन-लेखन आणि शुश्रूषा यांच्या बरोबरीनें शिवणाचे वर्ग चालत. जें घरीं आईकडून विनासायास येई, तेंच आतां वर्गांत फीत घेऊन, कागदावर आंखून शिकावयाचें होतें. घरच्या सुईच्या मानानें यांत गोडवा कमी असेल. पण येथें शिकलेली बाई शिलाईचा दर सांगतांना खालीं पाहत नसे, हा लाभ लहान नव्हे.

तोंपर्यंत यंत्रहि आलें होतें. आयझॅक सिंगर याला अमेरिकेंत १८५१ सालीं शिवणयंत्राचें पेटंट मिळालें; इकडे १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईस पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. गिरणीचें कापड स्वस्त झालें, शिंप्याच्या दुकानांत यंत्र खडखडूं लागलें, आणि तेथून तें हळूहळू मध्यमवर्गाच्या घरांत शिरलें. कलकत्त्यास १९३५ च्या सुमारास 'उषा' यंत्रें होऊं लागल्यावर तें देशी बनावटीचेंहि मिळूं लागलें. मुलांचे शाळेचे सदरे, परकर-पोलकीं, उशांचे अभ्रे रात्रीं मुलें निजल्यावर त्यावर शिवून निघत. कुंची मात्र यंत्राखालीं घालायला बायका लवकर धजल्या नाहींत. तिची झालर हातानेंच लावीत.

आज पुण्या-मुंबईच्या दुकानांत हलव्याचे तयार दागिने पेटींत मांडून विकतात, आणि कापडी गोधड्याहि मिळतात. त्यांतले बरेचसे काम घरीं बसून बायकाच करतात. संक्रांतीपूर्वीं महिना-दोन महिने त्यांच्या शेगड्या पेटलेल्या असतात, आणि विकणाऱ्या बाईनें पेटीवर जी किंमत घातलेली असते तींत साखरेचा भाव आणि बोटांची मजुरी, हीं दोन्हीं धरलेलीं असतात.