घराचा दलाल: वाट दाखवणारा की वाट अडवणारा?

१/१० ‘दलाल’ हा शब्द मूळचा अरबी, ‘दल्लाल’. त्याच्या धातूचा अर्थ वाट दाखवणे. मुंबईत घर शोधणाऱ्याला मात्र बहुधा उलट अनुभव येतो: वाट अडवून बसलेला तो दलाल! या अविश्वासाचे मूळ माणसांच्या स्वभावापेक्षा शहराच्या घरटंचाईत आणि कायद्यांत अधिक आहे. त्याचा हा इतिहास. 🧵

२/१० पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, मुंबईत भाड्यांवर कायदेशीर निर्बंध आले. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा लागू झाले. पुढे १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे सर्वसाधारणपणे प्रमाण मानले. भाडेकरूला संरक्षण देण्याचा हेतू न्याय्यच होता.

३/१० परंतु शहर थांबणारे नव्हते. १९४१ मध्ये सुमारे १५ लाख असलेली मुंबईची लोकसंख्या १९५१ पर्यंत २३ लाखांवर गेली. फाळणीनंतरच्या निर्वासितांचीही त्यात भर होती. भाडे गोठले, खोलीची खरी किंमत मात्र वाढत राहिली. ही तफावत ज्या रकमेने भरून निघाली, ती म्हणजे ‘पागडी’.

४/१० त्याच कायद्याच्या कलम १८ ने अशी रक्कम घेणे गुन्हा ठरवले. मग ती घरमालकाने स्वतः घेतलेली असो वा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी. पागडी थांबली नाही; तिची पावती तेवढी थांबली.

५/१० ज्या व्यवहाराला पावती नाही, त्याला मध्यस्थ लागतोच. कोणत्या चाळीत कोणती खोली रिकामी होणार, मालकाची अपेक्षा किती, हे ज्याला ठाऊक तो दलाल. गुप्त माहिती हेच त्याचे भांडवल. फसवणूक झालीच, तर दाद मागायला हाती कागद नसे.

६/१० पुढे मालकी हक्काच्या सदनिका आल्या आणि नव्या तक्रारीही. शासनाने मे १९६० मध्ये समिती नेमली. तिच्या अहवालानंतर १९६३ चा महाराष्ट्र मालकी सदनिका कायदा झाला. जमिनीचा हक्क व मंजूर नकाशे उघड करणे, लेखी करार नोंदवणे ही बंधने बांधकाम करणाऱ्यावर आली. दलाल या चौकटीबाहेरच राहिला.

७/१० त्याला लागू होता तो १८७२ चा करार कायदा. प्रतिनिधीने ज्याचे काम घेतले त्याचे हित पाहावे, हे त्याचे तत्त्व. पण दलाली दोन्ही बाजूंकडून घेतली जात असेल, तर हित कोणाचे पाहायचे? शिवाय दलाली टक्केवारीने. किंमत चढली की तीही चढते. खरेदीदाराचा रोष येथूनच सुरू होतो.

८/१० १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने उलट दिशा धरली. ३१ मार्च २००० पासून पागडीला कायद्याची मान्यता मिळाली. अर्धशतक जे अंधारात चालले, ते अखेर उजेडात आले.

९/१० दलालाची पाळी आली ती २०१६ च्या रेरा कायद्याने. मे २०१७ पासून महारेरा कार्यरत झाले. नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकून देणाऱ्या दलालाला स्वतःची नोंदणी सक्तीची झाली. खोटी माहिती देणे हा अनुचित व्यवहार ठरला. २०२३ मध्ये महारेराने दलालांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली.

१०/१० तरीही एक मोठी फट उरते. नोंदणीची ही सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांपुरती आहे; जुन्या इमारतीतील घराची फेरविक्री तिच्या कक्षेत येत नाही. तेथे खरेदीदाराचा आधार म्हणजे दुय्यम निबंधकाकडील ‘सूची क्रमांक २’. त्याच इमारतीतील आधीचे घर कागदोपत्री कितीला विकले गेले, हे त्यावरून कळते. एके काळी केवळ दलालाला ठाऊक असलेली माहिती आता सरकारी दप्तरात आहे. ती पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये, एवढे तरी या इतिहासातून घ्यावे.